फरहाबाईंची पेढी

पॉडकास्टला हिब्रू भाषा अकादमीने ‘हेस्केत’ असा शब्द दिला आहे. देवारीमच्या २७ व्या अध्यायात मोशे रब्बेनू आणि लेवी याजक सगळ्या इस्राएलाला गप्प राहून कान द्यायला सांगतात, त्या जागच्या क्रियापदावरून हा शब्द घेतला आहे. शब्द गोड आहे, पण बसमध्ये कानाला यंत्र लावून बसलेली आपली नातवंडे ‘पॉडकास्ट’च म्हणतात. तेव्हा आम्हीही इथे तेच म्हणतो.

या पॉडकास्टांत दोन प्रकार सध्या जोरात आहेत. एक विसरलेल्या इतिहासाचा, दुसरा धंद्यात यश मिळवलेल्या स्त्रियांचा. आम्ही दोन्ही ऐकतो. हे दोन प्रकार एकत्र येतात आणि त्यातून आपल्या मुंबईचे नाव निघते, तेव्हा मात्र आम्ही हातातले काम बाजूला ठेवतो. ती कथा आहे फरहा ससून यांची. इंग्रजांनी त्यांना फ्लोरा म्हटले, घरचे लोक फरहा म्हणत.

ससून हे नाव आपल्या वाचकांना सांगायला नको. मासळी ससून डॉकची, दवाखाना पुण्याचा ससून, वाचनालय काळ्या घोड्याजवळचे, सिनेगॉग भायखळ्याचे मागेन डेव्हिड आणि पुण्याचे लाल देऊळ. भायखळ्याचे मसीना हॉस्पिटल ज्या वास्तूत आहे तीही एकेकाळी त्यांचीच हवेली होती, तिचे नाव ‘सां सुसी’. या सगळ्या जागांवर डेव्हिड, अब्दुल्ला, जेकब अशी पुरुषांची नावे आहेत. पण १८९४ ते १९०१ अशी सुमारे सात वर्षे डेव्हिड ससून आणि कंपनीचा मुंबईतला कारभार एका बाईच्या हातात होता. हे आमच्या पिढीतल्या किती जणांना शाळेत किंवा सिनेगॉगमध्ये कुणी सांगितले?

आधी नातेगोते पाहू, कारण ते समजल्याशिवाय पुढचे समजत नाही. डेव्हिड ससून बगदाद सोडून १८३० च्या सुमारास निघाले आणि थोड्याच काळात मुंबईत येऊन स्थिरावले. दोन बायकांपासून त्यांना आठ मुलगे झाले. थोरला अब्दुल्ला, ज्याला पुढे सर अल्बर्ट म्हणू लागले. धाकट्यांपैकी एक सुलेमान, जन्म १८४१. अब्दुल्लाची मुलगी अझीझा, तिचे लग्न गब्बाय घराण्यात झाले, आणि १८५९ साली मुंबईत तिला मुलगी झाली ती फरहा. १८७६ साली फरहाचे लग्न सुलेमानशी झाले. म्हणजे आजोबांचा सावत्र भाऊ नवरा झाला. वयात अठरा वर्षांचे अंतर. आज हे विचित्र वाटेल, पण त्या काळच्या बगदादी व्यापारी घरांत लग्न आणि भांडवल या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नसत. मुलगी बाहेर दिली तर हुंड्याबरोबर पेढीचे गुपितही बाहेर जाणार. फरहा या दोन्ही बाजूंनी घरच्याच होत्या. पुढे त्यांना पेढीवर बसता आले, त्यात या जन्माच्या हक्काचा वाटा मोठा होता. पॉडकास्टवाले हा भाग पटकन उरकतात, कारण ‘शून्यातून वर आली’ ही कथा ऐकायला बरी वाटते. फरहाबाई शून्यातून आल्या नव्हत्या.

त्यांचे शिक्षण मात्र खरोखर विशेष होते. हिब्रू, अरामी, अरबी, हिंदुस्तानी, इंग्रजी, फ्रेंच, जर्मन एवढ्या भाषा त्यांना येत. तोरा आणि तिच्यावरची भाष्ये त्यांनी घरी शिक्षकांकडून शिकली होती. मुलींना सिद्दूर वाचता आला की पुरे, असे मानणाऱ्या त्या काळात ही गोष्ट साधी नव्हती. व्यापारात तिचा थेट उपयोग होता. ससूनांच्या आतल्या चिठ्ठ्या-पत्रे बगदादी यहुद्यांच्या अरबी बोलीत आणि हिब्रू अक्षरांत लिहिली जात. शांघायच्या गुमास्त्याने भाव कळवला तर तो मुंबईच्या बाजारात दुसऱ्या कुणाला वाचता येत नसे. ज्या बाईला ही अक्षरे, ही बोली आणि इंग्रजी तिन्ही येते, तिला नवऱ्याच्या टेबलावरची सगळी डाक उघडी असते.

अब्दुल्ला आणि इतर भाऊ एकेक करून लंडनला गेले. तिथे प्रिन्स ऑफ वेल्सची मैत्री, घोड्यांच्या शर्यती, १८९० साली सरदारकीची पदवी. मुंबईत राहून पेढी खऱ्या अर्थाने चालवत होते ते सुलेमान. १८९४ च्या मार्चमध्ये ते वारले. फरहाबाई तेव्हा जेमतेम पस्तिशीच्या, पदरात तीन मुले, त्यांपैकी धाकट्या मोझेलची प्रकृती नाजूक. घरच्या पुरुषांत मुंबईला येऊन ऊन-पावसात बसायला कुणी उत्सुक नव्हते, आणि कामाची आतली माहिती तर फरहाबाईंनाच होती. त्यांनी कारभार हाती घेतला.

इथे थोडे थांबावेसे वाटते. यहुदी इतिहासातल्या ज्या व्यापारी स्त्रिया आपल्याला नावानिशी ठाऊक आहेत, त्यांच्याकडे पाहा. डोना ग्रासिया नासी, लिस्बनला १५१० साली जन्मलेल्या. मेंडेस घराण्याची पेढी त्यांच्या हाती आली ती नवरा वारल्यावर. ती पेढी मिऱ्यांच्या व्यापारावर उभी होती आणि मिरी जात होती आपल्याच मलबार किनाऱ्यावरून. पुढे त्यांनी सुलतानाकडून तिबेरिया मक्त्याने घेऊन तिथे यहुदी वस्ती बसवायचा प्रयत्न केला, म्हणून इस्राएलात त्यांचे नाव निदान माहीत आहे. दुसऱ्या हामेलनच्या ग्लिकेल. मोत्यांचा व्यापार, लाइपझिगची जत्रा, बारा मुले वाढवली, आणि यिद्दिशमध्ये स्वतःची हकीकत लिहून ठेवली. त्यांनीही पेढी पूर्णपणे हाती घेतली ती १६८९ मध्ये विधवा झाल्यावर. आणि तिसऱ्या फरहाबाई. तिघींनाही काम आधीपासून येत होते. जागा मिळाली ती नवऱ्याच्या मृत्यूने.

आता हीच गोष्ट त्या काळच्या मुंबई-पुण्यात ठेवून बघा. १८८९ साली पंडिता रमाबाईंनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढले. त्या सदनात शिकलेल्या गोदूबाईंशी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी पुनर्विवाह केला तेव्हा गावाने त्यांना वाळीत टाकले. १८९६ मध्ये कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. म्हणजे केशवपन झालेल्या ब्राह्मण विधवेने पाटी-पेन्सिल हातात धरावी की नाही यावर शहरात रण माजले होते. त्याच वर्षांत, त्याच शहरात, एक विधवा मँचेस्टर, कलकत्ता, हाँगकाँग आणि शांघायच्या तारा वाचून हुकूम देत होती. धर्म आणि पैसा माणसाला किती वेगळ्या जगात ठेवतात!

आणि ती वर्षे काही सुखाची नव्हती. १८९३ च्या जूनमध्ये सरकारने टांकसाळीत चांदी घेणे बंद केले होते. त्याआधी कुणीही चांदी नेऊन तिचे रुपये पाडून घेऊ शकत असे. चीनचा सगळा व्यवहार चांदीत. आता रुपया चांदीपासून सुटला आणि महाग झाला. मुंबईहून गेलेले सूत आणि अफू चीनमध्ये त्याच चांदीला विकले जाई, पण त्या चांदीचे रुपये कमी येत. माल तोच, गिऱ्हाईक तेच, नफा मात्र वाटेतच आटायचा. १८९४ मध्ये चीन-जपान युद्ध पेटले. ते संपल्यावर १८९५ च्या तहाने परदेशी लोकांना चीनच्या बंदरांत कारखाने काढायला मोकळीक मिळाली, म्हणजे मुंबईच्या सुताला शांघायमध्येच स्पर्धक उभा राहणार हे दिसू लागले. १८९६ मध्ये लँकेशायरच्या दबावाने हिंदुस्थानी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के कर बसला. अशा हंगामात नवशिक्या माणसाने हात टेकले असते.

मग प्लेग आला. १८९६ च्या सप्टेंबरात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी पहिला रोगी ओळखला तो मांडवीत. मांडवी म्हणजे आपलीच जुनी वस्ती. सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी १७९६ मध्ये बांधलेले आपले पहिले सिनेगॉग, शाआर हारहमीम, तिथेच आहे. सिनेगॉगला शंभर वर्षे पूर्ण झाली त्याच साली प्लेग त्याच्या दाराशी आला. घरांची झडती, रोग्यांना उचलून नेणे, छपरे उघडी करणे, यांमुळे लोक रोगाइतकेच सरकारलाही घाबरले. लाखो माणसे गलबतांनी आणि आगगाड्यांनी कोकणात, घाटावर पळाली. गिरण्या ओस पडल्या. उरलेल्या कामगारांसाठी मालक रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून रोजच्या रोज मजुरीची बोली लावत.

याच वेळी ओडेसाहून आलेला एक यहुदी शास्त्रज्ञ, डॉ. वाल्देमार हाफकिन, भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या खोलीत प्लेगची लस तयार करत होता. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती स्वतःला टोचून घेतली. लोक मात्र घाबरत. सुई टोचली की माणूस मरतो, धर्म बाटतो, अशा वावड्या उठत. फरहाबाईंनी हाफकिनच्या मागे उभे राहून स्वतः लस टोचून घेतली आणि हिंदू-मुसलमान घरांतल्या लोकांची समजूत काढायच्या कामी हातभार लावला. आम्हाला त्यांच्या कारकिर्दीतली ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. त्यात पेढीचाही फायदा होता हे उघड आहे, कारण कामगार जगला तर गिरणी चालणार. पण फायदा होता म्हणून दंड पुढे करण्याचे धैर्य कमी होत नाही. परळला आजही हाफकिन इन्स्टिट्यूट उभे आहे. कोविडच्या वर्षात आपल्यातल्या काहींनी लसीवरून जे वाद घातले, ते ऐकताना आम्हाला वारंवार या बाईंची आठवण होत होती.

१९०१ मध्ये डेव्हिड ससून आणि कंपनी ही भागीदारीची पेढी मोडून मर्यादित कंपनी झाली. कागदावर हा साधा कायदेशीर बदल होता. प्रत्यक्षात लंडनच्या पुरुष मंडळींच्या हातात सूत्रे गेली आणि मुंबईत बसून निर्णय घेणाऱ्या भागीदार बाईला जागा उरली नाही. मोझेलला इंग्लंडमधल्या डॉक्टरांची गरज होती, हेही खरे. जुन्या चरित्रलेखांत केवळ मुलीच्या आजाराचे कारण दिलेले असते. जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात ठेवलेली ससून घराण्याची पत्रे वाचून इतिहासकार जोसेफ ससून यांनी २०२२ मध्ये या घराण्यावर ग्रंथ लिहिला. त्यानंतर घरातल्या पुरुषांच्या नाराजीची बाजूही लोकांपुढे आली. पॉडकास्टांत फरहाबाईंचे नाव अलीकडे ऐकू येते, त्याला बरेचसे हा ग्रंथ कारण आहे. कागद सापडले की आवाज सापडतो.

लंडनला गेल्यावर त्या थोर विदुषी आणि अतिथ्यशील गृहिणी म्हणून ओळखल्या गेल्या. काशेरूथ इतके कडक की प्रवासाला निघताना शोहेत बरोबर आणि मिनियान जमेल एवढी माणसेही बरोबर. १९२४ मध्ये रब्बी घडवणाऱ्या ज्यूज कॉलेजच्या समारंभात त्यांनी भाषण केले. १९३० मध्ये राशीवर निबंध छापला. १९३६ च्या जानेवारीत लंडनला त्यांचा मृत्यू झाला. मृत्यूनंतर त्यांच्याबद्दल जे लिहिले गेले त्यात विद्वत्ता आहे, दानधर्म आहे, मेजवान्या आहेत. सात वर्षांच्या पेढीला एखादे वाक्य मिळते.

त्यांच्या मुलाविषयी दोन शब्द सांगितलेच पाहिजेत. डेव्हिड सॉलोमन ससून, जन्म मुंबई, १८८०. लहानपणी आपला पतंग देऊन त्याने एक जुने पुस्तक घेतले अशी आख्यायिका आहे. मोठेपणी त्याने हिब्रू हस्तलिखितांचा जगातला एक मोठा संग्रह केला. त्यातला दमास्कसचा खुमाश आज जेरुसलेमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. आणि सुमारे अकराशे वर्षांपूर्वीचे तनाखचे हस्तलिखित, ज्याला ‘कोडेक्स ससून’ म्हणतात, ते २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ३ कोटी ८१ लाख डॉलरला विकले गेले आणि तेल अवीवच्या अनू संग्रहालयाला मिळाले. हा माणूस पुस्तकांचा वेडा होता खरा, पण हिब्रू अक्षरांची गोडी त्याला ज्या घरात लागली त्या घराची मालकीण कोण होती, हेही त्या काचेच्या पेटीजवळ उभे राहताना ध्यानात असावे.

इथपर्यंतची कथा अभिमानाने सांगण्यासारखी आहे. आता अडचणीची बाजू.

ससूनांचा पैसा आला कुठून? कापूस, सूत, जमीन, गोदी हे सगळे खरे, पण मोठा पाया अफूचा. माळव्यात पिकलेली अफू इंदूर-उज्जैनकडून मुंबईला यायची, सरकार पेटीमागे पासाचे पैसे घ्यायचे, आणि मग ती चीनला जायची. १८७० च्या दशकात जार्डिन मॅथिसनसारख्या इंग्रज कंपन्यांना मागे टाकून ससून या धंद्यात सर्वांत पुढे गेले. १८९३ मध्ये अफूच्या चौकशीसाठी रॉयल कमिशन नेमले गेले. त्याने सातशेहून अधिक साक्षी घेतल्या, आणि १८९५ च्या अहवालात या व्यापाराला जवळजवळ अभयच दिले. फरहाबाईंनी पेढी हाती घेतली ती नेमकी याच दोन तारखांच्या मध्ये. तेव्हा चीनमधल्या माणसांचे काय होते हे त्यांना ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही. त्या काळी तो धंदा कायदेशीर होता, हे पेढीचे समर्थन होऊ शकेल. पण ज्या बाईने परक्यांच्या जिवासाठी स्वतःच्या दंडात सुई घेतली, तिच्याच पेढीच्या पेट्या शांघायला उतरत होत्या. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत. आम्ही ऐकलेल्या पॉडकास्टांपैकी काहींनी पहिली सांगितली, काहींनी दुसरी. दोन्ही एका दमात सांगणारा विरळा.

दुसरी गोष्ट गिरणीतली. मुंबईच्या गिरण्यांत त्या काळी रीलिंग आणि वाइंडिंगच्या खात्यांत बायका असत. रत्नागिरीच्या, साताऱ्याच्या, आपल्याच मराठी बोलणाऱ्या. त्यांच्यावर देखरेख करणारी बाई म्हणजे नायकीण. १८९१ च्या फॅक्टरी कायद्याने बायकांचे काम दिवसाला अकरा तासांवर आणले, आणि ती सुधारणा समजली गेली! धंद्यातल्या स्त्रियांचा इतिहास सांगायचा तर खुर्चीवर बसलेली एक आणि सुताच्या लडी गुंडाळणाऱ्या शेकडो, दोघींचा सांगायला हवा. नायकिणीच्या हाताखाली किती बायका, तिने कुणाला कामावर घेतले, कुणाकडून दस्तुरी घेतली, हाही कारभारच होता.

तिसरी गोष्ट आपली. फरहाबाई ‘आपल्या’ का? हा प्रश्न आमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी लगेच विचारला असता. बगदादी मंडळी मुंबईत आली तेव्हा आरंभी आपल्याच सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला बसली, आपल्याच कबरस्तानात त्यांचे मुडदे पुरले गेले. पण १८३६ सालीच त्यांनी सरकारकडे अर्ज करून कबरस्तानात मध्ये भिंत मागितली. पुढे आपल्या माणसाला मिनियानात धरायचे की नाही, तोरावर बोलवायचे की नाही, असे प्रश्न निघाले. रंगूनला तर सिनेगॉगमधल्या मताच्या हक्कासाठी बेने इस्राएलांना हायकोर्टात जावे लागले आणि १९३५ मध्ये निकाल आपल्या बाजूने लागला. आलिया करून आलो तर इथेही तोच प्रश्न वेगळ्या कपड्यांत उभा राहिला. जेरुसलेमच्या रस्त्यावर बायकामुलांसह बसून केलेले आंदोलन आणि १९६४ चा केनेसेतचा ठराव ज्यांनी पाहिला ती माणसे अजून आपल्यात आहेत.

म्हणून कुणी म्हणेल, त्यांच्या बाईचे कौतुक आपण कशाला करावे? आम्हाला हे पटत नाही. भिंत मागणाऱ्या पिढीचा हिशेब फरहाबाईंच्या खात्यावर मांडता येत नाही. शिवाय ज्या शहरात त्या जन्मल्या ते शहर आपले. त्यांनी ज्या प्लेगात काम केले त्या प्लेगात आपलीही घरे रिकामी झाली. मात्र त्यांना घाईघाईने ‘आपली’ म्हणून मिरवणेही बरोबर नाही. शेजारीण म्हणावे. मुंबईच्या माणसाला शेजारणीची किंमत सांगायला नको.

आणि शेजारणीकडे पाहताना आपल्या घराकडे लक्ष जातेच. कोकणात आपल्याला शनिवार तेली म्हणत. नवगाव, रेवदंडा, अलिबाग, पेण, पनवेल, जिथे आपण होतो तिथे घाणा होता. घाणा घराच्या आवारात असला की तो एकट्या पुरुषाचा राहत नाही. तीळ पाखडणे, खोबरे वाळवणे, बैलाचे पाणी-वैरण, दारात आलेल्या गिऱ्हाइकाला तेल मापून देणे, उधारी तोंडपाठ ठेवणे, ही कामे घरात होत. शुक्रवारी संध्याकाळी बैल सोडायचा आणि रविवारी पुन्हा जुंपायचा, ही शिस्त पाळण्यात घरच्या बाईचा हात नसेल असे कोण म्हणेल? पण या बायकांपैकी एकीचेही नाव आपल्याला व्यापारी म्हणून ठाऊक नाही. ससूनांनी कागद जपले, कारण त्यांच्याकडे कागद ठेवायला हवेली होती. आपल्या आजीची उधारी तिच्याबरोबर गेली.

आपल्यात लिहिणारे नव्हते असेही नाही. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी ‘बेने इस्राएलांचा इतिहास’ लिहून पुरा केला तो १८९७ मध्ये, म्हणजे ऐन प्लेगात, ज्या वर्षी फरहाबाई फोर्टातून पेढी चालवत होत्या. तो ग्रंथ छापून निघाला १९३७ मध्ये, तेल अवीवला. चाळीस वर्षे तो नुसता कागदावर होता आणि केहिमकर तोवर हयात नव्हते. विसरलेला इतिहास म्हणतात तो असा असतो. लिहिलेला असतो, पण छापायला कुणी पैसे दिलेले नसतात.

पुढे मुंबईत आपल्या मुली शिकल्या. डॉ. जेरुशा झिराड कामा हॉस्पिटलच्या प्रमुख झाल्या, रिबेका रूबेन आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिका. शिक्षिका, नर्स, टायपिस्ट म्हणून कितीतरी जणी घराबाहेर पडल्या. धंद्यात मात्र फारशा नाहीत. याचे कारण बुद्धीत शोधू नये. रेल्वे, पोस्ट, पलटण आणि महिन्याच्या पहिल्या तारखेचा पगार यांवर आपला समाज उभा राहिला. घाणा सोडून शहरात आलेल्या माणसाला पेन्शन ही सर्वांत मोठी प्रतिष्ठा वाटली, आणि गहाण टाकायला जमीन किंवा उधार द्यायला चुलता कुणाजवळच नव्हता.

इस्राएलात आल्यावर चित्र पुन्हा बदलले. दिमोनाच्या कापड कारखान्यात पाळीवर उभ्या राहिलेल्या बायका मुंबईच्या रीलिंग खात्याशेजारी नेऊन बसवाव्यात अशाच होत्या. कारखाने बंद पडू लागले तेव्हा त्यांतल्या काहींनी घरच्या स्वयंपाकघरातून धंदा उभा केला. रोश हाशानाचा चिकाचा हलवा, पुरणपोळ्या, मेंदीच्या कार्यक्रमाचे जेवण, मलिद्याचे ताट. लोद, रामले, अश्दोद, बेरशेबा इथे मसाल्याच्या दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्या बायका आपण रोज पाहतो. लग्नाच्या हंगामात दोनशे माणसांचे जेवण काशेर तपासणीसाच्या देखत वेळेवर काढणारी बाई आणि तिची तीन मदतनीस, हे काम कोणत्याही पेढीपेक्षा सोपे नाही. तिला आपण ‘ती चांगला स्वयंपाक करते’ एवढेच म्हणतो. धंदा करते असे म्हणत नाही, आणि बऱ्याचदा तीही स्वतःला तसे म्हणत नाही.

आपल्या मासिकाच्या पानांवर अशा बायकांच्या हकीकती याव्यात, असा आमचा विचार आहे. लिहिता येत नसेल तर सांगावे. प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये आवाज धरून ठेवायची सोय आहे, आणि नातवंडांना ती आपल्यापेक्षा चांगली येते. साफ्ता मराठीत बोलली तर मराठीतच बोलू द्यावे. मध्येच हिब्रू शब्द आला तर येऊ द्यावा. ससूनांनीही अरबी हिब्रू अक्षरांत लिहिलीच ना! नातवाला सगळे शब्द कळणार नाहीत, तरी आवाज राहील, आणि शब्दांचे अर्थ विचारायला त्याला पुन्हा तिच्याकडेच यावे लागेल.

पहिल्या भेटीत जन्म, गाव, लग्न यांत वेळ जातो, मग बाई दमते. म्हणून आम्ही सुचवतो की सुरुवात पैशापासून करावी. पहिले भांडवल किती होते आणि ते कुणी दिले? भाव कसा ठरवला? हिशेब वहीत होता की डोक्यात? खाते कुणाच्या नावावर होते? पहिल्यांदा तोटा आला तेव्हा घरात कुणाला सांगितले, आणि कुणाला सांगितले नाही?